पळसाच्या पानांचा नाच आणि त्यानंतरचे वर्ष : एका जिल्हा परिषद शाळेचे प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेकडे उतरत जाणाऱ्या कापसाच्या पट्ट्यातली ही जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा. वर्ग पहिली ते सातवी. गावाचे आणि माणसांचे नाव कुठेच घेतलेले नाही, काही खुणाही बदलल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे. मी त्या वेळी गटसाधन केंद्रात साधनव्यक्ती होतो, म्हणजे वाद झाला की मिटवायला पाठवतात तो माणूस.

शाळेत लेकरे चार ठिकाणांहून येतात. मुख्य गाव, गावाला लागून असलेली बौद्ध वस्ती, नाल्यापलीकडचे कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, आणि गायरानावरचा बेडा, म्हणजे फासेपारध्यांची वस्ती. पोडावर चौथीपर्यंतची छोटी शाळा आहे; पाचवीला मुले इकडे येतात. त्यांची घरची भाषा कोलामी. ती द्रविड कुळातली, मराठीशी तिचे नाते नाही. कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलामांची नोंद महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींत होते, हे शिक्षकांना सामान्यज्ञानाच्या पुस्तकामुळे ठाऊक होते. कोलामी मात्र सहापैकी एकालाही येत नव्हती.

या चारही ठिकाणांचा वारसा शाळेत साजरा होत होता का? कागदोपत्री होत होता. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, ३ जानेवारी, ९ ऑगस्टचा आदिवासी दिन आणि २०२१ पासून १५ नोव्हेंबरचा जनजातीय गौरव दिवस. प्रत्येक दिवसाचा ठरलेला साचा होता. फोटोला हार, दोन भाषणे, एक गीत, मग मोबाईलवर फोटो आणि संध्याकाळी पाचच्या आत केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर अहवाल. हा साचा या एका शाळेचा नाही. फोटो वेळेत गेला की दिवस साजरा झाला असे मानणारी सगळी यंत्रणाच त्यामागे आहे.

प्रसंग

९ ऑगस्टला त्या वर्षी एका उत्साही शिक्षकाने नाच बसवला. सिनेमाचे गाणे, कमरेला पळसाची पाने, डोक्यावर कोंबड्याची पिसे, हातात पुठ्ठ्याचे भाले. तोंडाला काजळ फासलेले. नाचणारी सगळी लेकरे मुख्य गावातली, कारण 'ती स्टेजवर लाजत नाहीत'. पोडावरची मुले सतरंजीवर बसून पाहत होती. टाळ्या पडल्या, व्हिडिओ ग्रुपवर गेला, वरून शाबासकीचे अंगठेही आले.

त्यानंतर सहावी-सातवीतल्या पोडावरच्या मुली शाळेत येईनाशा झाल्या. आधी कोणाला काही वाटले नाही. निंदणीचे दिवस होते, अशी गैरहजेरी नेहमीची. मग पोडाचे नाईक, म्हणजे प्रमुख, आणि तालुक्याच्या कॉलेजात शिकणारा त्यांचा पुतण्या शाळेत आले. पोराने मोबाईल टेबलावर ठेवला, व्हिडिओ लावला आणि एवढेच म्हणाला, "आमच्या पोडात असं कोन घालते, ते दाखवा. आत्ता चला, मी नेतो."

मुली का येत नव्हत्या तेही त्याच बैठकीत कळले. रस्त्यात मुले त्यांना 'झिंगालाला' म्हणून हाका मारत होती.

मुख्याध्यापिकांची पहिली प्रतिक्रिया अशी होती की, आम्ही तर कौतुकच केले. नाच बसवणाऱ्या शिक्षकाला ते फार लागले. त्याने सुटीनंतर थांबून, पदरचे पैसे घालून हे सगळे केले होते. त्याच्या मनात खोट नव्हती हे मी आजही म्हणेन. पण कोलामांचे धोतर-सदरे, लुगडी त्याने दर मंगळवारच्या बाजारात पाहिलेली होती. रोज डोळ्यासमोर असलेला माणूस सोडून पडद्यावरचा आदिवासी त्याला खरा वाटला, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

कोणते मार्ग होते

पुतण्याच्या मनात १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार करायची होती आणि तसे त्याने स्पष्ट सांगितले. केंद्रप्रमुखांची धावपळ त्यामुळेच सुरू झाली, मलाही त्यामुळेच बोलावणे आले. तक्रारीचा हक्क त्याचा होता. 'गावातली गोष्ट गावात ठेवा' असे त्याला कोणी सांगू नये, एवढे मी पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिकांना सांगितले. थांबवले ते नाईकांनी, आणि त्यांचे कारण वेगळे होते. ते पुढे येईलच.

शाळेत चर्चा झाली ती तीन गोष्टींवर. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे व्हिडिओ काढायचा, दिलगिरी व्यक्त करायची आणि विषय संपवायचा. दुसरा मार्ग बहुतेकांना आवडला : पुढच्या वेळी पोडावरच्याच मुलांना त्यांचा खरा नाच करायला लावू. तिसरा मार्ग एका वैतागलेल्या शिक्षिकेने मांडला : असले दिवस साजरेच करू नका, फोटो-हार पुरे, जो काही करतो त्यालाच बोल लागतात.

दुसऱ्या मार्गाची ओढ समजण्यासारखी आहे. पण त्यात स्टेज तसेच राहते, फक्त वर चढणारी लेकरे बदलतात. कोणते लेकरू कोणत्या जातीजमातीचे हे शाळाच सर्वांसमोर जाहीर करते, आणि ज्या मुलींना रस्त्यात चिडवले गेले त्यांनाच पुन्हा वर उभे करते. मी याला विरोध केला. मुख्याध्यापिकांना माझे म्हणणे तेव्हा अर्धेच पटले.

पोडावरची बैठक

नाईकांना पुन्हा शाळेत बोलवायचे की आपण पोडावर जायचे, यावर बरीच चर्चा झाली. मुख्याध्यापिका गेल्या, आणि त्या शिक्षकाला सोबत घेऊन गेल्या. पहिला निर्णय जर हा झाला नसता, तर बाकीचे काही झाले नसते.

चावडीपुढे बसणे झाले. शिक्षकाने माफी मागितली. आवाज फुटत नव्हता त्याचा. नाईक म्हणाले, "मास्तर वाईट नाही जी. त्याले काही करू नका. लेकराईले शिकवते तो." तक्रार थांबली ती इथे. शिक्षकाची बदली झाली तर गणिताला माणूस राहणार नाही, हा त्यांचा साधा हिशोब होता.

मग मुख्याध्यापिकांनी विचारले, १५ नोव्हेंबरला पोडाचे पथक शाळेत येईल का, ढोल घेऊन? हे विचारण्याआधीच त्यांनी 'स्थानिक कोलाम बांधवांचे पारंपरिक नृत्य' अशी ओळ नियोजनात लिहून वर पाठवलेली होती. नाईक हसले. "दिवाळी सरली का ढोल देवापाशी जाते. मंग तो कोनासाठीच निंघत नाही. तुमच्यासाठी नाही, आन् कलेक्टरसाठी बी नाही."

पोडावर दंडारीचा, म्हणजे त्यांच्या पारंपरिक नाचाचा, काळ दिवाळीला धरून असतो. वाद्ये बाहेर कधी काढायची आणि परत कधी ठेवायची, याचा नेम पाळला जातो. शाळेच्या कॅलेंडरमध्ये दिवस बसत नाही, म्हणून तो नेम हलत नाही.

इथे खरा पेच होता. वर पाठवलेली ओळ मागे घ्यायची म्हणजे खुलासा द्यायचा. केंद्रावरून सुचवलेही गेले की ढोल पंचायतीतला आणा, नाच कोणीही करेल, फोटोत कुठे कळते. मुख्याध्यापिकांनी तसे केले नाही. 'पोडाच्या परंपरेनुसार या काळात वाद्ये बाहेर काढली जात नाहीत, त्यामुळे नृत्य होणार नाही' असे त्यांनी अहवालात सरळ लिहिले. वरून काहीच उत्तर आले नाही. ज्याची भीती असते ते पुष्कळदा असेच निघते.

त्यांचा नकार शाळेने ऐकून घेतल्यावर नाईकांनी आपणहून दोन गोष्टी पुढे केल्या. त्यांची थोरली बहीण टोपल्या विणते, ती येईल. आणि लेकरे वर्गात आपसात कोलामीत बोलली तर त्यांना दटावू नका. पहिली गोष्ट कार्यक्रमात बसणारी होती. दुसरी साधी वाटते, पण तीच मोठी मागणी होती. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात व्यवहार्य असेल तिथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे लिहिलेले आहे. इथे तर फक्त दटावू नका एवढेच मागितले जात होते.

आजींचा तास

नाईकांची ती बहीण, म्हणजे आजी, आल्या त्या दिवशी काही दिवस-विशेष नव्हता, साधा बुधवार होता. मुद्दामच तसे ठरवले होते. माईक नव्हता, हार नव्हता. पाचवी आणि सहावीच्या वर्गात त्या खाली बसल्या, विळ्याने बांबू चिरला, कामट्या तासल्या आणि आठ कामट्या एकावर एक, चाकाच्या आऱ्यांसारख्या मांडल्या. मग त्यातल्या एका कामटीचे एकच टोक मध्ये चिरून त्याची दोन केली.

एका मुलाने विचारले, हे काहून चिरले? आजींनी कोलामीत उत्तर दिले. सातवीतली एक मुलगी दाराशी उभी होती, रस्त्यात चिडवल्या गेलेल्यांपैकीच. तिने मराठीत सांगितले : आठ कामट्यांची टोके सोळा होतात, सोळावर विणले तर दुसऱ्या फेरीत पट्टी पुन्हा त्याच टोकावरून वर आणि त्याच टोकाखालून जाते, वीण पक्की बसत नाही, सतरा झाली की प्रत्येक फेरीला आपोआप बदलते.

गणिताचा शिक्षक तिथे होता. नाच बसवणारा तोच. त्याने फळ्यावर सोळा रेघा काढल्या, मुलांना वर-खाली, वर-खाली मोजायला लावले, मग सतरा काढल्या. सम आणि विषम संख्या तो इतकी वर्षे शिकवत होता. त्यांचे काम काय असते, हे वर्गाला त्या दिवशी दिसले. कामटी कितीही घ्या, तिला टोके दोनच, म्हणून बेरीज नेहमी समच येणार आणि एक टोक चिरावेच लागणार, हे एका मुलीने स्वतःच काढले. पुढचा तास पायली-कुडवावर गेला : किती पायलीची टोपली, किती वितींचा तळ.

शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका सदस्याने 'अभ्यास सोडून पोरांना टोपल्या विणायला लावता का' अशी हरकत घेतली होती. त्याला त्या शिक्षकाने हाच फळा दाखवला. सदस्य पूर्ण पटला असे नाही, पण गप्प बसला.

दटावणे बंद करण्याचे काम त्याहून हळू झाले. मागच्या भिंतीवर रोजच्या वस्तूंची कोलामी नावे देवनागरीत लिहायला सुरुवात झाली. मुले सांगायची, शिक्षक लिहायचा, मुले हसून दुरुस्त करायची. शिक्षक चुकतो आणि पोडावरचे लेकरू त्याला सुधारते, हा उलटा प्रकार वर्गातल्या बाकीच्यांनी प्रथमच पाहिला. भाषणांनी जे झाले नव्हते, ते यातून थोडेफार झाले असे मला वाटते.

एक चूक पुतण्याने दाखवून दिली. १५ नोव्हेंबरच्या फलकावर बिरसा मुंडांच्या खाली बाबुराव शेडमाके यांचे चित्र लावून 'आपल्या पोडाचे पूर्वज' असे लिहिले होते. शेडमाके चंद्रपूरकडचे गोंड. इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याला फाशी दिले गेले. त्यांचा अभिमान कोलामांनाही आहे, पण पूर्वज वेगळे, भाषा वेगळी. फलक बदलला. 'आदिवासी' म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरायची सवय शिक्षक-प्रशिक्षणांतूनच लागते, त्यामुळे दोष एकट्या शाळेचा नाही.

बौद्ध वस्तीचा प्रश्न

समितीच्या पुढच्या सभेत वस्तीतल्या एका आईने विचारले, "आमचा वारसा म्हंजे एक फोटो आन् दोन भाषणं का?" प्रश्न रास्त होता. इथे काम तुलनेने सोपे गेले, कारण सांगायला माणसे उत्सुक होती. वस्तीतल्या एक म्हाताऱ्या आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होत्या, वडिलांच्या खांद्यावर. पांढऱ्या कपड्यांची गर्दी, गाठोड्यातल्या भाकरी, दीक्षा घेऊन परत आल्यावर घरातले देव कसे बाहेर काढले, हे त्यांनी सातवीला सांगितले. मुख्य गावातल्या एका मुलाने, मग तुम्हाला भीती नाही वाटली का, असे विचारले. "वाटली ना. मायला जास्त वाटली," त्या म्हणाल्या. दीक्षाभूमीवरची कितीतरी भाषणे मी ऐकली आहेत. हे उत्तर कुठल्याच भाषणात नव्हते.

बेड्यावरचा फास

हिवाळ्यात वर्गात 'वारसा कोपरा' मांडायचे ठरले. प्रत्येकाने घरची एक जुनी वस्तू आणायची. खलबत्ता आला, कंदील आला, पितळी गडवा आला. बेड्यावरच्या पाचवीतल्या मुलाने घोड्याच्या केसांचा फास आणला, आजाने तितर धरण्यासाठी केलेला. इतकी बारीक कारागिरी पाहून वर्गशिक्षिका हरखल्या. त्यांनी तो मध्यभागी ठेवला, खाली 'पारधी समाजाचे शिकारीचे साधन' अशी पट्टी लावली आणि फोटो ग्रुपवर टाकला.

दिवस मावळायच्या आत मुलाचे वडील शाळेत. "फोटो मोबाईलवर गेला म्हंजे गावभर गेला. उद्या फारेस्टवाला दारात उभा राहीन. त्याले काय सांगू मी, शाळेचा परोजेक्ट हाय म्हणू?"

ते उगाच घाबरले नव्हते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याने या माणसांची पिढीजात उपजीविका गुन्हा ठरवली. त्याआधी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, आणि तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला तरी ठपका गेला नाही. आजही गावात मोटरपंप चोरीला गेला की पोलिसांची गाडी आधी बेड्यावर जाते. ज्या वस्तूत शिक्षिकेला कारागिरी दिसली, तीत बापाला पंचनामा दिसला.

फास परत दिला. पट्टी काढली, फोटो ग्रुपवरून काढला. ज्यांनी तो पुढे पाठवला होता त्यांना एकेकाला फोन करून काढायला लावला. मुख्याध्यापिकांनी वडिलांना विचारले, शाळेने तुमच्याविषयी काय सांगावे? "काहीच नोका सांगू. आमचं नाव भितीवर लावू नोका. पोरगा शिकू द्या."

यावर शिक्षकांत सरळ दोन तट पडले. तरुण शिक्षिकेचे म्हणणे होते की गप्प बसणे म्हणजे लाज पुढे चालवणे. निदान ३१ ऑगस्टला विमुक्त दिन तरी पाळू. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ज्यांचा वारसा त्यांनी नको म्हटले, विषय संपला. मी मुख्याध्यापिकांच्या बाजूने होतो आणि आहे. त्या मुलाला उरलेली वर्षे त्याच वर्गात काढायची आहेत. त्याच्या कुटुंबाची जोखीम आपल्या तत्त्वासाठी आपण घेऊ शकत नाही. पण तरुण शिक्षिकेचा मुद्दा खोटा ठरला असेही मी म्हणणार नाही. १८७१ चा कायदा इतिहासाच्या तासाला, कोणत्याही लेकराकडे बोट न दाखवता शिकवता येतो. तो तसा शिकवला गेला नाही, हे राहूनच गेले.

एक गोष्ट मात्र न ठरवता झाली. परिसर अभ्यासाच्या फेरीत नाल्याकाठी तितर ओरडला आणि त्या मुलाने हुबेहूब उत्तर दिले. तितराने पुन्हा साद घातली. मग बटेर, मग होला. शिक्षिकेने त्याच्याकडून पक्ष्यांची यादी करून घेतली : कोण कुठे बसतो, कोणाचे घरटे जमिनीवर. तुला हे कसे येते, असे तिने सर्वांसमोर विचारले नाही. तिला उत्तर माहीत होते.

वर्षाअखेर

पोडावरच्या मुली परत आल्या. एक आली नाही, तिला घरच्यांनी आश्रमशाळेत घातले. 'झिंगालाला' कमी झाले. बंद झाले असे म्हणता येणार नाही. स्नेहसंमेलनात सिनेमाची गाणी होतीच, पाने-पिसे नव्हती. गणिताच्या शिक्षकाची कोलामी शब्दांची वही जाड होत गेली.

पुढच्या बदल्यांत मुख्याध्यापिका गेल्या. नव्या मुख्याध्यापकांनी शाळा सजावटीच्या स्पर्धेसाठी रंगरंगोटी काढली, त्यात शब्दांची भिंत पुसली गेली आणि तिथे छत्री घेतलेले कार्टूनचे अस्वल आले. कोणी मुद्दाम केले नाही. पेंटरला कोणी सांगितलेच नव्हते. वही शिल्लक आहे म्हणून शब्द शिल्लक आहेत. ज्या कामाचा समितीत ठराव नाही, ते एका बदलीत वाहून जाते.

वेगळे काय करता आले असते

कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि वंचित घटकांच्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा हव्यात. पोडावरचा एक सदस्य कागदावर होताही. पण सभा दुपारी, मजुरीच्या वेळी, त्यामुळे सही घरपोच व्हायची. सभा संध्याकाळी आणि वर्षातून एकदा तरी पोडावर झाली असती, तर पानांचा नाच बसवण्याआधीच कोणीतरी हात वर केला असता.

फोटोचा नियम आधीच ठरायला हवा होता : घरच्या वस्तूचा किंवा माणसाचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर जाणार नाही. फासाचे प्रकरण त्यावाचून घडले. केंद्र पातळीवर अहवालात फोटो सक्तीचा ठेवायचा का, हा प्रश्न मी नंतरच्या बैठकीत मांडला. उत्तर 'वरून आहे' असे आले.

आणि पैशाचे. टोपलीवाल्या आजींचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन झाला. निघताना त्यांनी मुलीमार्फत विचारले, टोपलीचे किती देता? सगळे ओशाळले. त्यांचा एक दिवसाचा रोज बुडाला होता आणि विणलेली टोपली शाळेने ठेवून घेतली होती. बाजारात तिचे पैसे झाले असते. बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याचे पाकीट आधी तयार असते, गावातल्या जाणकाराला नारळ. पुढे सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशातून, टोपलीची किंमत दिली गेली, रोज मात्र नाही, कारण त्यासाठी खर्चाचे शीर्षक सापडेना. ज्या शाळांना असे काही करायचे आहे त्यांनी जूनच्या पहिल्याच सभेत येणाऱ्या माणसाच्या मजुरीइतकी रक्कम ठरावात घालून घ्यावी. डिसेंबरात विचार सुचतो तेव्हा सादिल संपलेला असतो.